चौकोनात लिहिलेली मतं

दर डिसेंबरात साताऱ्याहून आईचं पार्सल येतं. मेतकूट, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू आणि सगळ्यात खाली, गुंडाळी करून रबरबँड लावलेलं नव्या वर्षाचं कालनिर्णय. लंडनच्या पश्चिम टोकाला, साउथ राइस्लिपमधल्या आमच्या स्वयंपाकघरात ते फ्रिजशेजारच्या खिळ्यावर टांगलेलं असतं. आईच्या घरी त्याच कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो. 'दीड', 'एक', 'नाही', मध्येच 'गॅस लावला'. माझ्याकडे दूध दुकानातून येतं आणि गॅस नळातून, त्यामुळे माझे चौकोन बरीच वर्षं कोरे राहिले. २०१९ साली ते भरले. त्या वर्षी मी त्यांत ब्रिटिश संसदेतली मतं लिहीत गेले.

ठरवून काही केलं नव्हतं. १५ जानेवारीला संक्रांत होती. संध्याकाळी तिळाच्या वड्या थापल्या आणि ताटात सुरी फिरवता फिरवता टीव्ही लावला. ब्रेक्झिटसाठी, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी दोन वर्षं घासाघीस करून आणलेल्या करारावर मतदान होतं. करार पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, किती मतांनी एवढंच बघायचं होतं. आकडा आला आणि सुरी हातातच राहिली. बाजूने २०२, विरोधात ४३२. आधुनिक काळात इथल्या कुठल्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता, आणि विरोधात गेलेल्यांत पंतप्रधानांच्या स्वतःच्या हुजूर पक्षाचे ११८ खासदार होते. मी ओट्यावरचं पेन घेतलं आणि संक्रांतीच्या चौकोनात '२०२–४३२' लिहिलं. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला आणि ३०६ विरुद्ध ३२५ मतांनी सरकार तरलं. आदल्या रात्री ज्यांनी पंतप्रधानांचा करार उधळून लावला, त्यांनीच चोवीस तासांत त्यांना खुर्चीवर ठेवलं. तेही लिहिलं. तेव्हापासून सवय लागली.

ते कॅलेंडर आज माझ्यासमोर टेबलावर पसरलेलं आहे. त्या वर्षाचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी 'गोंधळ' हा एकच शब्द येतो. संसद ठप्प झाली होती, खासदारांना काही सुचत नव्हतं, शेवटी निवडणूक झाली म्हणून सुटलो. मला हे तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. हे आकडे ओळीने वाचत गेले की मला एक अवघड गणित दिसतं, आणि ते सोडवायला बसलेली साडेसहाशे माणसं. त्यातली बरीच जण जिवाच्या आकांताने सोडवत होती.

गणित अवघड होतं कारण प्रश्नच अर्धवट विचारलेला होता. २३ जून २०१६ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या, युरोपीय संघात राहायचं किंवा बाहेर पडायचं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हटलं, १ कोटी ६१ लाखांनी राहा म्हटलं. ५१.९ आणि ४८.१ टक्के. घर सोडायचं ठरलं, पण जायचं कुठे ते कुणी विचारलं नव्हतं. नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहायचं? निदान कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे संघाशी सामाईक जकातीच्या व्यवस्थेत? की सगळे दोर कापायचे? आणि आयर्लंडचं काय? त्या बेटावर दक्षिणेत युरोपीय संघाचा एक देश आणि उत्तरेत ब्रिटनचा एक तुकडा, मध्ये शेतांतून, घरांच्या परसांतून जाणारी सरहद्द. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारापासून ती सरहद्द जवळपास दिसेनाशी झाली होती. ब्रिटन संघाच्या बाजारपेठेतून बाहेर पडलं की तिथे तपासणी नाके उभे राहणार, नाहीतर ते आयरिश समुद्रात, स्वतःच्याच देशाच्या दोन भागांमध्ये उभे करावे लागणार. यातून तिसरी वाट नव्हती. सार्वमताच्या प्रचारात याबद्दल मी कधी फारसं ऐकलं नाही.

त्या सार्वमतात मी मत दिलं होतं. माझा पासपोर्ट भारतीय आहे, पण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना इथे कायदेशीर राहत असतील तर मताचा हक्क आहे. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी पोलिश मैत्रीण माझ्याआधी तीन वर्षं इथे आलेली. तिची मुलगी इथे जन्मली, इथल्या शाळेत जाते. तिला मत नव्हतं. प्रश्न तिच्या राहण्याचा होता आणि उत्तर देणार होते मी. आमच्या भिशीतल्या दोघींनी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्यांना व्हिसा मिळेल, हा प्रचार भारतीय वस्त्यांत जोरात झाला होता. मी राहायच्या बाजूने दिलं. पण मला खरा बोचला तो मताची पेन्सिल माझ्या हातात असण्याचा भाग. आमच्या घराजवळ ए-४० रस्त्यावर जो चौक आहे त्याचं नावच 'पोलिश वॉर मेमोरियल'. दगडी खांबावर कांस्याचा गरुड, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी लढताना गेलेल्या पोलिश वैमानिकांची नावं कोरलेली. १९४० साली ३०३ क्रमांकाची पोलिश तुकडी इथल्याच नॉर्थोल्ट तळावरून उडत होती. मैत्रिणीची बस रोज त्या गरुडासमोरून जाते.

मार्च-एप्रिलचे चौकोन सर्वांत दाट भरलेत. १२ मार्चला मे यांचा करार पुन्हा पडला, २४२–३९१. करार न करता बाहेर पडायलाही सभागृहाने नकार दिला. १८ तारखेला सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनचा दाखला काढला, की एकाच अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा सभागृहापुढे आणता येत नाही. २९ मार्च ही बाहेर पडायची मूळ तारीख. त्या दिवशी कराराचा एक भाग वेगळा काढून मतदानाला ठेवला, तोही २८६–३४४ ने पडला. याच दिवसांत खासदारांनी कामकाजाचा ताबा स्वतःकडे घेतला आणि पर्याय एकेक करून मतास टाकले. २७ मार्चला आठ पर्याय, आठही पडले. १ एप्रिलला चार, चारही पडले. वर्तमानपत्रांनी खासदारांची टर उडवली. त्या चारांपैकी कस्टम्स युनियनचा पर्याय किती मतांनी पडला बघा. बाजूने २७३, विरोधात २७६. तीन मतांनी.

हा आकडा मी लाल पेनाने लिहिलाय. माझ्या मते सगळ्या वर्षाची किल्ली या चौकोनात आहे. तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर सभागृहाला आपलं पहिलं 'हो' सापडलं असतं, आणि तेही दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडायला लावणारं. त्या रात्री स्कॉटिश नॅशनल पार्टी तटस्थ राहिली. दुसरं सार्वमत मागणाऱ्यांपैकी काहींनी विरोधात मत दिलं, कारण त्यांना बाहेर पडणंच नको होतं. आणि कट्टर बाजूला तर सगळे दोर कापण्यापेक्षा कमी काही चालणारच नव्हतं. मी ज्यांच्या बाजूची होते, तेही पूर्ण भाकरीच्या आशेवर अर्धी सोडून बसले. तडजोडीसाठी राबलेले हुजूर पक्षाचे निक बोल्स मत पडल्यावर उभे राहिले, आपला पक्ष तडजोडीला तयार नाही म्हणून आपण अपयशी ठरलो असं भरल्या आवाजात म्हणाले, आणि तिथल्या तिथे पक्ष सोडून सभागृहातून चालते झाले. मी टीव्हीसमोर उभीच होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि वरणाचा पार लगदा झाला.

दोन दिवसांनी, ३ एप्रिलला, अर्धी रजा टाकून मी संसदेत गेले. प्रेक्षकांसाठी रांग असते. बॅगा तपासतात, फोन बंद करायला लावतात आणि मग जिने चढून जाड काचेमागच्या बाकांवर बसवतात. पहिलं आश्चर्य म्हणजे सभागृह किती लहान आहे. ६५० सदस्य आणि बसायला जागा ४२७ जणांना. १९४१ साली बॉम्बने जुनं सभागृह जमीनदोस्त झालं, तेव्हा नवं मोठं बांधता आलं असतं, पण चर्चिलनी आग्रह धरला की होतं तेवढंच बांधा. त्यामुळे महत्त्वाच्या दिवशी माणसं पायऱ्यांवर बसतात, दाराशी दाटीवाटीने उभी राहतात. हिरवी चामड्याची बाकं समोरासमोर, आणि मधल्या गालिच्यावर दोन लाल रेघा. बोलताना ती रेघ ओलांडायची नाही. टीव्हीवर नुसती आरडाओरड ऐकू येते. वरून बघताना वेगळं काही दिसतं. भाषण चालू असताना मागच्या बाकावरचा एक जण पुढच्याच्या खांद्याला हात लावून कानात काही सांगतो, विरोधी बाकावरून एक बाई चिठ्ठी पाठवते, दोघं दाराशी डोकं जुळवून उभे राहतात. लग्नाच्या मांडवात देण्याघेण्यावरून बिनसतं तेव्हा दोन्हीकडची शहाणी माणसं अशीच कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलत असतात.

मग मतदानाची घंटा झाली. ती साऱ्या इमारतीत वाजते, आसपासच्या पबांतही वाजते. आठ मिनिटांत दारं बंद. मतदान म्हणजे अक्षरशः चालणं. 'हो' म्हणणाऱ्यांनी सभापतींच्या उजवीकडच्या दालनातून जायचं, 'नाही'वाल्यांनी डावीकडच्या. बटण नाही, हात वर करणं नाही. आपल्या पायांनी चालत जायचं आणि मोजून घ्यायचं. स्वतःच्या पक्षाविरुद्ध जायचं तर आपल्या रोजच्या सोबत्यांच्या डोळ्यांदेखत वळून दुसऱ्या दारात शिरायचं. मला हे बघून पोटात कालवलं. त्या दाराकडे वळणाऱ्या माणसाच्या पाठीवर किती नजरा असतील!

त्या मतदानात प्रश्न होता की पर्यायांवरच्या मतदानाची आणखी एक फेरी पुढच्या सोमवारी घ्यायची का. आकडा वाचला गेला आणि वरच्या बाकांवरही श्वास अडकले. ३१० विरुद्ध ३१०. बरोबरी! १९९३ नंतर पहिल्यांदाच असं झालं होतं. अशा वेळी सभापतींना निर्णायक मत असतं, पण त्याचीही परंपरा आहे. सभागृहाने स्वतः जे बहुमत दिलं नाही, ते सभापतींनी आपल्या मताने बनवायचं नाही. बर्को यांनी 'नाही'च्या बाजूने मत दिलं. परंपरेप्रमाणे बरोबरच होतं. तिसरी फेरी मात्र गेली. तीन मतांनी हुकलेलं 'हो' कदाचित त्या सोमवारी सापडलं असतं. त्याच रात्री उशिरा पंतप्रधानांना मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ असं एका मताने मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी छतातून सभागृहात पाणी गळायला लागलं आणि बैठक थांबवावी लागली.

पुढे थेरेसा मे गेल्या. मे महिन्याच्या अखेरीस युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला अवघी ९ टक्के मतं मिळाली आणि काही महिन्यांपूर्वी काढलेल्या ब्रेक्झिट पार्टीने २९ जागा नेल्या. त्या उन्हाळ्यात जनमत चाचण्यांत चार पक्ष विशीच्या आसपास घुटमळत होते. निवडणूक झाली तर काय होईल हे कुणालाही छातीठोक सांगता येत नव्हतं. २४ जुलैला बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. ते तेव्हा आमचेच खासदार. अक्सब्रिज आणि साउथ राइस्लिप हा त्यांचा मतदारसंघ, २०१७ ची आघाडी ५,०३४. पंतप्रधान स्वतःचीच जागा घालवतील का, यावर आमच्या बसस्टॉपवर चर्चा चालायच्या.

२ सप्टेंबरला गणपती बसले. आमचा दीड दिवसाचा. ३ तारखेला संध्याकाळी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं, पातोळ्या वाढल्या आणि टीव्ही लावला. त्या दुपारी जॉन्सन बोलत असतानाच त्यांच्या पक्षाचे फिलिप ली उठले, मधली जागा ओलांडून समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅट सदस्यांत जाऊन बसले. सरकारचं उरलंसुरलं एका मताचं बहुमत त्या चार पावलांत संपलं. रात्री दहाच्या सुमारास आकडा आला, ३२८–३०१. करार नसेल तर मुदत वाढवून घ्या, असा कायदा करण्यासाठी सभागृहाने पुन्हा कामकाजाचा ताबा घेतला. हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी पक्षादेश मोडला आणि त्याच रात्री त्यांना संसदीय पक्षातून काढलं. केन क्लार्क, सभागृहातले सर्वांत जुने सदस्य. निकोलस सोम्स, चर्चिलचे नातू. फिलिप हॅमंड, सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत अर्थमंत्री. डॉमिनिक ग्रीव्ह, रोरी स्टुअर्ट, डेव्हिड गॉक.

व्हिप हा शब्द मुळात शिकारीचा. कुत्र्यांचा कळप इकडेतिकडे पांगू न देणारा माणूस तो व्हिप. दर आठवड्याला खासदारांना कामकाजाचा कागद येतो, आणि ज्या मतदानाखाली तीन रेघा ओढलेल्या असतात तिथे हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. त्या तीन रेघा ओलांडल्या तर पक्ष तुम्हाला बाहेर काढू शकतो. खासदारकी मात्र काढू शकत नाही. ते २१ जण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सभागृहात, त्याच बाकांवर येऊन बसले आणि पुन्हा मत दिलं.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली तर तिचा विश्वास बसेना. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की सदस्यत्वच जातं. तो कायदा का आला हेही आईच्या पिढीला पाठ आहे, आयाराम-गयारामांचे दिवस तिने पेपरात वाचलेत. मी त्या कायद्याला नावं ठेवत नाही. पैशासाठी आणि मंत्रिपदासाठी उड्या मारणाऱ्यांना तो हवाच. पण मंत्रिपद लाथाडून, आयुष्यभराचा पक्ष पणाला लावून जो माणूस दुसऱ्या दारात शिरतो, त्याच्यासाठी आपण जागाच ठेवली नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मी बेचाळीस वर्षांची होते.

१० सप्टेंबरच्या पहाटे संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित झाली. विरोधी खासदारांनी 'आवाज बंद केला' अशा अर्थाचे कागद हातात धरले होते. अधिवेशनं संपतात तशी ती नेहमीची स्थगिती नव्हती. बाहेर पडायची तारीख ३१ ऑक्टोबर आणि त्याआधीचे मोलाचे आठवडे सभागृहाला कुलूप. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ सप्टेंबर, पितृपक्षातला मंगळवार. साडेदहाला आम्ही ऑफिसात चार-पाच जण एका फोनभोवती जमलो. न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल, काळा पोशाख आणि खांद्याशी मोठ्या कोळ्याचा ब्रोच. आवाज शांत, एखाद्या शाळेतल्या बाईंसारखा. अकराच्या अकरा न्यायाधीशांचं एकमत होतं. स्थगिती बेकायदा. राणीचे प्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन संसदेत शिरले होते, म्हणजे संसद स्थगित झालेलीच नाही. पोलिश मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं.

आता निवडणुकीकडे येते. २०११ च्या कायद्याने इथे संसदेची मुदत पाच वर्षांची ठरवलेली होती. पंतप्रधानांना मुदतीआधी निवडणूक हवी तर दोन तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ मतं लागत. जॉन्सननी ४ सप्टेंबरला मागितली, २९८ मिळाली. ९ ला मागितली, २९३. दोन वर्षं निवडणूक मागणारे मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन आता नको म्हणत होते, म्हणून त्यांना भित्रा म्हटलं गेलं. ते भित्रे नव्हते असं माझं मत आहे. निवडणुकीची तारीख सरकारच्या हातात देऊन करार नसतानाच मुदत टळून जाण्याचा धोका त्यांनी घेतला नाही, आणि ते योग्यच होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर जॉन्सननी नवा करार आणला. आयर्लंडच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी समुद्रात काढलं. १९ तारखेला शनिवारी संसद बसली, १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच. त्या शनिवारी आईचा फोन सकाळीच आला. आदल्या संध्याकाळी साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात केलेलं भाषण तिने ऐकलं होतं आणि तिला दुसरं काही बोलायचंच नव्हतं. इथे आम्ही सभागृहातली मतं मोजत होतो, तिथे सोमवारी विधानसभेचं मतदान होतं. एकमेकींचं ऐकून न घेता आम्ही वीस मिनिटं बोललो.

२२ ऑक्टोबरचा चौकोन मला नेहमी थांबवतो. त्यात दोन आकडे आहेत. कराराच्या विधेयकाला दुसऱ्या वाचनात ३२९–२९९. अखेर! तीन वर्षांत पहिल्यांदा सभागृहाने एखाद्या कराराला 'हो' म्हटलं. आणि त्याखाली, काही मिनिटांनंतरचा, ३०८–३२२. एवढं मोठं विधेयक तीन दिवसांत संपवायचं वेळापत्रक सभागृहाने नाकारलं. खासदारांना नीट वाचायला, कलमागणिक बोलायला आणखी दिवस हवे होते, एवढाच त्याचा अर्थ. सरकारने ते दिवस दिले नाहीत. विधेयक बाजूला ठेवलं आणि पुन्हा निवडणूक मागितली.

२८ ऑक्टोबरला पाडवा होता, युरोपीय संघाने ३१ जानेवारीपर्यंत मुदत दिली आणि निवडणुकीच्या ठरावाला २९९ मतं पडली, पुन्हा ४३४ हून कमी. पण त्याआधीच्या शनिवार-रविवारात लिबरल डेमोक्रॅट आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीने डिसेंबरात निवडणूक घ्यायचा स्वतःचाच प्रस्ताव पुढे केला होता. विरोधकांची फळी फुटली. दुसऱ्या दिवशी साध्या बहुमताचं छोटंसं विधेयक आलं. भाऊबीज होती. संध्याकाळी शेजारच्या आजोबांना फराळ द्यायला गेले. हीथ्रोवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकटे राहतात. २०१६ ला बाहेर पडायच्या बाजूने मत दिलेलं. आम्ही दोघांनी त्यावर वाद घातला आहे, पण चकलीवर कधीच नाही. त्यांच्या टीव्हीवर आकडा आला, ४३८ विरुद्ध २०. १२ डिसेंबरला निवडणूक. १९२३ नंतर डिसेंबरात पहिलीच. त्याच दिवशी २१ पैकी १० जणांना पक्षाने परत घेतलं. आजोबा चकलीचा तुकडा हातात धरून म्हणाले, आता एकदाचं संपू दे, मला बाकी काही नको. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा खरा होता. मी तेव्हा 'हो' म्हटलं, कारण मीही थकले होते. त्या 'हो'चं मला अजून वाईट वाटतं.

हुजूर पक्षाने प्रचारात हेच एक वाक्य धरलं, 'गेट ब्रेक्झिट डन'. मराठीत त्याला 'उरकून टाका' म्हणावं लागेल. आपल्याकडे कार्य पार पाडतात आणि कार्य उरकतात, दोन्हींतला फरक घरातल्या बाईला बरोबर कळतो. उरकलेल्या कार्यात कुणीतरी उपाशी उठलेलं असतं.

नोव्हेंबरभर आईचे फोन उलट्या दिशेने येऊ लागले. महाराष्ट्रात निकाल लागले होते पण सरकार बनत नव्हतं. आमदार हॉटेलांत, २३ ला सकाळी सकाळी शपथविधी, २६ ला सर्वोच्च न्यायालयाचा दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करण्याचा आदेश. "तुमच्याकडचे निदान एकमेकांसमोर उभं राहून भांडतात गं," आई म्हणाली. मी तिला ती दोन दारं पुन्हा समजावून सांगितली.

इथल्या निवडणुकीचं गणित निकालाआधीच ठरत गेलं. ११ नोव्हेंबरला नायजेल फराज यांनी हुजूर पक्षाकडे असलेल्या ३१७ जागांवरून ब्रेक्झिट पार्टीचे उमेदवार मागे घेतले. बाहेर पडायच्या बाजूची मतं एका झोळीत, राहायच्या बाजूची तीन-चार पक्षांत. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, अशा पद्धतीत याचा अर्थ उघड होता. मे महिन्यात ९ टक्क्यांवर असलेला पक्ष आता पहिल्या क्रमांकावर होता.

१२ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार. निवडणुका इथे गुरुवारीच होतात. चारलाच अंधार पडला होता, पाऊस चालू होता. ऑफिसातून मी आणि मैत्रीण एकत्रच निघालो. मतदान केंद्र चर्चच्या हॉलमध्ये. ती छत्री धरून बाहेर थांबली. आत नाव सांगितलं, पत्ता सांगितला, मतपत्रिका मिळाली. ओळखपत्र तेव्हा लागत नसे, शाई नाही, बटण नाही. प्लायवूडच्या कप्प्यात दोरीला बांधलेली जाड पेन्सिल. मतपत्रिका लांबलचक. पंतप्रधानांसमोर मजुर पक्षाच्या उमेदवारापासून काउंट बिनफेस आणि लॉर्ड बकेटहेड या गमतीखातर उभ्या राहणाऱ्या उमेदवारांपर्यंत सगळे. मी फुली मारली. पेन्सिलीचं टोक बोथट झालेलं, फुली जाड उमटली. बाहेर आले तर मैत्रिणीने एवढंच विचारलं, किती वेळ लागला? दोन मिनिटं, मी म्हटलं.

दहा वाजता चाचणीचा अंदाज आला आणि सकाळपर्यंत खरा ठरला. हुजूर पक्ष ३६५, मजूर पक्ष २०२. मतं ४३.६ टक्के, जागा छप्पन टक्के. खाणी आणि गिरण्यांच्या उत्तरेकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाच्या असलेल्या जागा ढासळल्या, ब्लाइथ व्हॅली, वर्किंग्टन, सेजफील्ड. ज्यांनी डिसेंबरची निवडणूक पुढे केली, त्या लिबरल डेमोक्रॅटांची मतं ७.४ वरून ११.६ टक्क्यांवर गेली आणि जागा बारावरून अकरा झाल्या. त्यांच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच १४९ मतांनी पडल्या. आमच्याकडे जॉन्सन ७,२१० मतांनी आले.

मला शोधायची होती ती २१ नावं. केन क्लार्क, सोम्स, हॅमंड उभेच राहिले नव्हते. ग्रीव्ह, गॉक, अ‍ॅन मिल्टन अपक्ष लढले आणि पडले. दोघं लिबरल डेमोक्रॅट म्हणून लढले, तेही पडले. परत घेतलेल्यांपैकी चौघं पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. पक्षादेशाला जे जमलं नव्हतं ते मतदारांनी केलं, आणि मतदारांना तो हक्क आहे. ते मला मान्य करावंच लागतं. पण त्या रात्री मी खूप वेळ जागी होते.

२० डिसेंबरला कराराचं विधेयक पुन्हा आलं. शुक्रवार होता, मी घरून काम करत होते, आवाज चालू ठेवला. घंटा झाली, आठ मिनिटं, दारं बंद. ३५८–२३४. आणि पुढच्या कामाला सुरुवात. मी चौकोनात आकडा लिहिला. त्या वर्षातला शेवटचा.

सोमवारी ऑफिसात मैत्रीण तिच्या कायम वास्तव्याच्या अर्जाचं उत्तर फाइलमध्ये लावत होती. पंच मारता मारता तिने विचारलं, शुक्रवारी त्यांच्यातलं कुणी दुसऱ्या दारातून गेलं का?

मी यादी बघितली होती. एकही नाही, मी म्हटलं.